स्टाव्हांगरचा दोन वर्षांचा करार घ्यावा का?

मुंबईतील वेलसाइट जिऑलॉजिस्टची (तेलविहीर खोदताना जागेवरच खडक तपासणाऱ्या भूवैज्ञानिकाची) सात वर्षांची नोकरी सोडून, शिक्षिका असलेल्या पत्नीसह आणि तिसरीतल्या मुलीला घेऊन, दोन वर्षांच्या करारावर नॉर्वेला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. तेलशोधात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली एकोणीस इथे स्टाव्हांगरमध्ये, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कामाची धास्ती मुळीच बाळगू नका. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने तेल शोधले त्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या चुनखडीवर माझी सुरुवात झाली. रिगवर शेल शेकरवरून, म्हणजे विहिरीतून वर येणारा चिखल गाळणाऱ्या हलत्या जाळीवरून, आलेला खडकाचा चुरा चाळणीत धुवायचा, त्यावर आम्लाचा थेंब टाकून तो किती फसफसतो ते पाहायचे आणि मग अतिनील दिव्याखाली तेलाची झाक शोधायची. तिथे लागलेली ही सवयच मला इथे उपयोगी पडली. इथल्या उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्राचा खडक, म्हणजे चुनखडीचाच एक मऊ प्रकार, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बोटांवर शाळेतल्या खडूसारखी पांढरी पूड उतरली. त्या खडकात सच्छिद्रता भरपूर आहे, पण छिद्रे इतकी बारीक की तेलाचे वाहणे बरेचसे नैसर्गिक भेगांवर अवलंबून असते. तेल काढता काढता दाब उतरला, खडक दबला, समुद्रतळ खचत गेला आणि 1987 मध्ये उभे प्लॅटफॉर्म सहा मीटर वर उचलावे लागले. चुनखडीवर काम केलेल्या माणसाला इथे मान आहे तो यामुळेच.

मुलाखतीपूर्वी जुन्या विहिरींचे अहवाल मात्र अवश्य वाचा. गुप्ततेची मुदत संपली की इथे ते सर्वांना खुले होतात. उत्तर समुद्राचा नॉर्वेकडचा भाग अनेक दशके धुंडाळून झाला होता, तरी योहान स्वेर्द्रुपसारखे प्रचंड तेलक्षेत्र 2010 साली सापडले.

खरी चिंता तेलाच्या भावाची आहे. 2014 च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी 2016 मध्ये तिसाच्या खाली गेले आणि त्या पडझडीत माझीही नोकरी गेली. निवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला असल्याने नवे काम शोधायला सहा महिने मिळाले. ते दिवस माझ्या पत्नीने माझ्यापेक्षा धीराने काढले. म्हणून करारात नोटिशीची मुदत आणि परतीचा खर्च स्पष्ट लिहून घ्या. जोडीला कॅप रॉकचा, म्हणजे साठ्यावर झाकणासारख्या बसलेल्या अभेद्य खडकाचा, अभ्यास पक्का करा, कारण ऑगस्ट 2025 पासून नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात समुद्रतळाखाली सुमारे 2600 मीटरवर कार्बन डायऑक्साइड साठवला जात आहे आणि तिथेही खडक वाचणारी माणसेच लागतात.

तुमच्या पत्नीच्या नोकरीचा विचार तुमच्या नोकरीइतकाच गांभीर्याने करा. आमचे ड्रिलिंग अहवाल इंग्रजीत चालतात, परंतु इथल्या सरकारी शाळेत शिकवायचे तर उत्तम नॉर्वेजियन हवे. त्यांनी आजच, मुंबईतच, शिकायला सुरुवात करावी.

आणि हिवाळ्यात सगळ्यांनी एकदम येऊ नका. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळलेला असतो, मुले जॅकेटला चमकती पट्टी लावून अंधारात घरी परततात. तुम्ही आधी एकटे या, घर पाहा. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे त्या दोघींना जूनअखेरीस आणा.