आईच्या मांडीवरची प्रयोगशाळा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बाळांना लाडात बोललेलं साध्या बोलण्यापेक्षा जास्त आवडतं का, हा विषय तू संशोधनाला घेतलास आणि अभ्यास घरोघरी, ऑनलाइन करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. या प्रश्नावर २०२० साली ‘मेनी बेबीज’ या संशोधकांच्या गटाचं मोठं काम प्रसिद्ध झालं. ६७ प्रयोगशाळा, २,३२९ बाळं. लाडिक बोलण्याकडे बाळांचा ओढा दिसलाच. पण सगळीकडे ऐकवलेलं बोलणं उत्तर अमेरिकी इंग्रजी होतं, आणि ती भाषा ज्यांच्या घरची होती त्या बाळांत हा ओढा जास्त दिसला. मग कोल्हापूरच्या बाळाला कोल्हापूरच्याच बाईचा आवाज ऐकवला तर काय होईल, हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा आहे. आवाज मात्र इथलाच घे. निवेदिकेचा घोटीव आवाज नको. शिवाजी पेठेतली एखादी आई बाळाशी बोलते तसा हवा.

तुझा आराखडा वाचला. त्यात सॉफ्टवेअरवर चार पानं आहेत आणि आईला काय सांगायचं यावर चार ओळी. हे प्रमाण उलटं कर. प्रयोगशाळेत खोली, उजेड, आवाज, पडदा सगळं आपल्या हातात असतं. घरी ते सगळं आईच्या हातात जातं. ती तुझी सहकारी आहे आणि तिला काय करायचं ते नीट कळलं नाही, तर पुढचं कुठलंही गणित तुझा अभ्यास वाचवणार नाही.

बाळ काय बघतं आणि किती वेळ बघतं यावरून त्याच्या मनाचा अंदाज घ्यायची रीत रॉबर्ट फँट्झ यांच्या १९५०-६० च्या दशकांतल्या कामापासून रुळली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत किंबर्ली स्कॉट आणि लॉरा शुल्झ यांनी असे अभ्यास ऑनलाइन करायला ‘लुकिट’ हे संकेतस्थळ उभं केलं, त्याचे लेख २०१७ साली आले. आई-वडील सवडीने घरूनच भाग घेतात, वेबकॅम बाळाचा चेहरा टिपतो आणि संमतीचं वाक्य पालक कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचतात. संमतीची ही पद्धत तू जशीच्या तशी घे, फक्त वाक्य साध्या मराठीत लिही.

आता आपल्याकडचं बघू. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मिळेल, शांत खोली मिळेल. तेवढ्याच घरांवर थांबलीस तर हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मानसशास्त्रावर जी टीका केली, की मूठभर शिकल्या-सवरल्या, सधन समाजांवरून अख्ख्या माणसाबद्दल बोललं जातं, तीच तुलाही लागू पडेल. इचलकरंजीच्या मागवाल्याच्या घरात एकच चांगला फोन असतो, तो वडिलांबरोबर पाळीला जातो, आणि शेजारी मागांचा खडखडाट चालू असतो. त्या घराला वेळ दे. पाळी संपल्यावर फोन कर, माग थांबतात तो वार विचारून घे. पहिलटकरीण माहेरी भुदरगडात असते आणि चार-पाच महिन्यांनी सासरी येते. तेव्हाही तिच्याशी संपर्क टिकतो, हा ऑनलाइन पद्धतीचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा फायदा आहे असं मला वाटतं.

फोनवर करायचं असेल तर डावीकडे एक चित्र, उजवीकडे एक, ही मांडणी सोडून दे. एवढ्याशा पडद्यावर बाळाचे डोळे इतके कमी हलतात की कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे चित्रफीत बघून नजर कुठे आहे ते नोंदवणाऱ्याला, फरक कळत नाही. मधोमध एकच चित्र ठेव, आवाज वाजू दे, आणि बाळ बघतंय की नाही एवढंच मोज. आवाजाचे सगळे तुकडे आधी फोनमध्ये उतरवून घे, नाहीतर रेंज गेली की ऐन वेळी गोल फिरत बसेल. बाळ बघेल तोवरच आवाज चालू ठेवायचा, ही प्रयोगशाळेतली पद्धत व्हिडिओ कॉलवर करू नकोस. कॉलला उशीर लागतो, आणि प्रत्येक घरी वेगळा. ठरावीक लांबीचे तुकडे ठेव आणि मोजणी नंतर कर.

फोन स्टीलच्या डब्याला टेकवून, हातभर अंतरावर, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीत ठेवायला सांग. जवळ असला की ते फोन ओढणारच. खिडकी बाळाच्या पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. टोपडं काढायचं, त्याची सावली डोळ्यांवर पडते. जावळ काढलं नसेल तर केस डोळ्यांवर येतात, त्यांना एक चिमटा लावायचा. गालावरची तीट राहू दे.

आईच्या नजरेचा बाळावर परिणाम होऊ नये म्हणून तिला डोळे मिटायला सांगतात, पण तुझ्या अभ्यासात तेवढ्याने भागत नाही, कारण तिला ऐकू येतं. लाडिक आवाज लागला की ती नकळत हसते, मांडी हलवते, आणि बाळाला ते जाणवतं. प्रयोगशाळेत पालकांना हेडफोन देतात. घरी दुसरा फोन आणि इअरफोन मिळाला तर तिला तिच्या आवडीची गाणी लावू दे. इअरफोन तूच पाठव. आणि घरात आजी असतेच. “बघ बघ, कोण बोलतंय!” हे ती प्रेमानेच म्हणणार. तिला बाहेर बसवू नकोस. आधीच फोनवर बोल, आपण काय बघतोय ते समजावून सांग आणि दाराकडे लक्ष ठेवायला सांग. गप्प का बसायचं हे कळलं की आजीइतकं नेमाने कुणी करत नाही.

प्रत्येक घरी फोनचा आवाज कमी-जास्त असणार. म्हणून दोन्ही प्रकारचं बोलणं प्रत्येक बाळाला ऐकव, निम्म्या बाळांना आधी हे, निम्म्यांना आधी ते. कोडिंग आवाज बंद करून, दोघांनी स्वतंत्रपणे. सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटतं, पण तुझ्या मांडणीत त्याने बिघडत नाही. रडलेलं, झोपलेलं बाळ कधी वगळायचं हे पहिली चित्रफीत बघण्याआधी लिहून नोंदवून टाक. वय काढताना जन्मतारखेबरोबर डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली तारीखही विचार, लवकर जन्मलेल्या बाळाचं गणित बदलतं.

अंगणवाडी सेविकांमार्फत घरं मिळतील, पण तिथे जपून. ताईंनी सांगितलं म्हणजे करायलाच हवं, नाही म्हटलं तर आहार बंद होईल, अशी भीती आयांना वाटते. तसं काही नाही हे पहिल्याच वाक्यात सांग. सासऱ्यांनी होकार दिला म्हणजे आईचा होकार झाला असं धरू नकोस, तिच्याशी एकटीशी बोल. नजर लागेल म्हणून कुणी नको म्हटलं तर आभार मानून फोन ठेव, समजूत घालत बसू नकोस.

“डॉक्टर तर स्क्रीन दाखवू नका म्हणतात” हे तुला ऐकावं लागेल, आणि ते बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाखालच्या बाळांसाठी स्क्रीन नकोच असं सांगितलं आहे. तू काही मिनिटं मागते आहेस, ती का मागते आहेस ते सरळ सांग. चित्रफीत व्हॉट्सॲपवर मागवू नकोस. ती गॅलरीत पडते, तिथून नात्यागोत्याच्या ग्रुपवर जाते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. पण कायदा नसता तरी ते बाळ त्या घरचं आहे, म्हणून चित्रफीत कुठे राहील, कोण बघेल, कधी पुसली जाईल हे आईला माहीत असलं पाहिजे. नंतर मन बदललं तर एका फोनवर पुसून द्यायची.

शेवटी प्रत्येक आई विचारते, “आमचं बाळ हुशार आहे ना?” ही तपासणी नव्हे, एका बाळावरून काही ठरत नाही, हे मायेने पण स्पष्ट सांग. तिला खरंच काही काळजी वाटत असेल तर ऐकून घे आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठव. तुझ्या आकड्यांवरून धीरही देऊ नकोस, भीतीही घालू नकोस.

नीतिसमितीकडे अर्ज करण्याआधी आईसाठीचं सूचनांचं पान मला पाठव. ते आपण कागलच्या किंवा हुपरीच्या दोन-तीन आयांना मोठ्याने वाचायला देऊ. जिथे त्या अडखळतील, तिथलं वाक्य बदलू. सॉफ्टवेअरची चार पानं त्यानंतर बघू.

तुझ्या मॅडम
कोल्हापूर