बाळाची सीट पुढे वळवण्याची घाई नको

प्रश्न : आमचा मुलगा १४ महिन्यांचा असून त्याचे वजन १० किलो आहे. कार सीटमध्ये मागे तोंड करून बसवले की त्याचे पाय गाडीच्या सीटला टेकतात आणि गुडघे दुमडतात. तो रडू लागला की आजी त्याला मांडीवर घेतात. सीट आता पुढच्या दिशेला वळवावी का? जवळच्या अंतरासाठी मांडीवर घेतलेले चालेल का?

उत्तर : सीट इतक्यात वळवू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेच्या मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो. त्यामुळे गाडी समोरून धडकली, तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल, तर डोके, मान आणि पाठ यांना सीटच्या पाठीचा एकत्र आधार मिळतो व धक्का विभागला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमानुसार बनलेल्या सीटमध्येही १५ महिने पूर्ण होण्याआधी मुलाला पुढे तोंड करून बसवता येत नाही, आणि ती किमान मर्यादा आहे. आपल्या सीटच्या माहितीपत्रकात दिलेली वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा येईपर्यंत तिची दिशा बदलू नये. गुडघे दुमडल्याने बाळाला इजा होत नाही.

मांडीवर मात्र कधीच नको, अंतर कितीही कमी असो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आपल्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. आजींची माया कितीही मोठी असली, तरी एवढे बळ कोणाच्याच हातात नसते. मोठ्यांच्या बेल्टमध्ये बाळाला सोबत गुंडाळणे तर अधिकच घातक, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार त्याच्यावर येतो.

समोर चालू एअरबॅग असलेल्या जागी ही सीट कधीही ठेवू नये. जाड स्वेटर काढून मगच पट्टे बांधावेत आणि खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत येणार नाही इतके ते घट्ट करावेत.

तो रडू लागला, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून त्याला बाहेर घ्यावे, आजींनी शांत करावे आणि पुन्हा पट्टे बांधून झाल्यावरच गाडी सुरू करावी.