हुकूम कुणाचा होता?

प्रिय लेकी,

तुझा मेसेज वाचला. मोर्चावर लाठीमार झाला, मित्राचा हात मोडला, आणि आता गृहमंत्र्यांचा राजीनामा मागायचा की उपोषणाला बसायचं यावर तुमच्यात भांडणं लागलीत. दोन्ही नंतर. आधी एकच शोधा: हुकूम कुणाचा होता?

हा प्रश्न कायद्यातूनच येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, नाहीतर पोलीस ठाण्याचा प्रभारी, आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक. आदेशानंतरही जमाव हटला नाही, किंवा हटणारच नाही असं त्याच्या वागण्यातून दिसलं, तरच बळ. म्हणजे कुणीतरी एका माणसाने ठरवलेलं असतं. तुम्ही तक्रारीत ‘पोलिसांनी मारलं’ एवढंच लिहिलंत की तो माणूस अख्ख्या खात्यामागे दडतो.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलास ना? तिथे फाइल दाबली जाते आणि चित्रीकरणाची मूळ वेळ व तपशील गळतात. ज्या फोनवर टिपलं तो फोन जपा, मूळ फाइलची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा, काढून ठेवा. व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग आहेत: एकावर फोनवाल्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. चित्रीकरणात मारणाऱ्या शिपायाइतकाच महत्त्वाचा आहे तो मागे उभा राहून हातवारे करणारा अधिकारी. भोंग्यावरून इशारा दिला का, दिला तर पहिली लाठी किती सेकंदांनी पडली, तेही मोजा. छातीवरची नावाची पट्टी संरक्षक जाकिटाखाली झाकली जाते. म्हणून खांद्यावरच्या चांदण्या, ढालीवरचा आकडा, गाडीचा नंबर टिपा.

जखमांचं काम तर आजचंच. सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, करा आणि ‘पडून लागलं’ असं लिहू देऊ नका. लाठीचा ताजा वळ म्हणजे दोन समांतर लाल रेषा, मधे फिकी पट्टी. तो लवकर पसरतो, मग ओळखू येत नाही. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. मित्राच्या हाताचं करंगळीकडचं हाड मधोमध मोडलं असेल तर डोकं वाचवायला हात वर केल्याची ती खूण असू शकते. पडताना हात टेकला तर मोडतं ते बहुधा मनगटाजवळ. डॉक्टरांना हे नोंदवायला सांगा.

मग कागद. बंदोबस्ताचं वाटपपत्रक (कोण कुठे तैनात होतं ते), स्टेशन डायरी (ठाण्याची रोजची नोंदवही), नियंत्रण कक्षाची वायरलेस नोंदवही. हुकूम कुणाचा, हे यातच सापडतं. माहिती अधिकारात मागा. तपासाचं कारण देऊन नाकारतील, तरी अर्ज करा, आणि चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच पोहोच घेऊन द्या.

मुदती पाठ कर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 खाली खटल्याला सहा महिने, सरकारची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षं. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्ष. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज टाका, पण त्यावर विसंबू नका. जमाव पांगवण्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यावर खटला भरायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 151 ची शासकीय मंजुरी लागते. मंजुरीच्या अर्जात ‘अज्ञात पोलीस’ लिहून काय मागणार?

अशा कारकुनीने चळवळ मरते, असं मला ऐकवणारे पुष्कळ आहेत. ऐकवोत. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 माणसं गेली. गॅसचे टँकर पेटवले जात होते म्हणून गोळ्या झाडल्या, असा पोलिसांचा बचाव. चौकशीला नेमलेल्या गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. राजीनाम्याच्या घोषणा तेव्हाही झाल्या. पण 2009 मध्ये सत्र न्यायालयात जन्मठेप लागली ती हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला, मनोहर कदमला. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, हे मला माहीत आहे, सांगू नकोस. दोषी तरी का ठरला? हुकूम कुणाचा होता हे बोट ठेवून दाखवता आलं म्हणून. बाकी कितीतरी ठिकाणी चौकशी ‘परिस्थिती हाताबाहेर गेली होती’ या वाक्यावर संपते. परिस्थितीला आरोपी करता येत नाही गं.

तू रडलीस ते ठीक आहे, जेवत मात्र जा. मित्राला एक्स-रेच्या फिल्म मागून घ्यायला सांग, नुसता अहवाल पुरत नाही. वायरलेस नोंदवहीसाठीच्या अर्जाचा मसुदा आज रात्री पाठव, त्यात तारीख आणि कितीपासून कितीपर्यंतची वेळ ते घाल, मी दुरुस्त करून देतो.

तुझा,
काका