चिंगीला अजून किती दिवस थांबवायचं?

«ताई, आमची चिंगी सशीण सात वर्षांची आहे. जबड्यातल्या गळूचं दोनदा ऑपरेशन झालं, ते परत आलंय. महिनाभर सिरिंजने भरवतेय. हल्ली ती कोपऱ्यात बसून दात करकर वाजवते. हे म्हणतात, ससे खूश असले की असंच करतात. डॉक्टर म्हणाले, निर्णय तुमचा. सासूबाई म्हणतात, जीव घेणारे आपण कोण? मुलगा नऊ वर्षांचा आहे. वेळ आली हे कसं ओळखायचं?» – एक वाचक, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या दातांबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कुरवाळताना ससा दात हलकेच वाजवतो, ते सुखाचं. अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून, एकटं बसून मोठ्याने करकर चालली असेल तर ते दुखणं आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. अशक्तपणा दिसला की जीव जातो, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. चिंगीचं दुखणं तुम्हाला दिसू लागलंय याचा अर्थ ते लपवण्याइतकं त्राण तिच्यात उरलेलं नाही.

गळू परत का आलं, हाही प्रश्न तुम्हाला छळत असेल. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि अशा गळूचं मूळ बहुतेकदा दाताच्या मुळाशी, हाडात असतं. सशाचा पू घट्ट दह्यासारखा असतो, माणसाच्या गळवासारखा वाहून जात नाही. त्यामुळे चांगल्या ऑपरेशननंतरही ते उलटतं. तुमच्या हातून काही राहिलं म्हणून हे झालेलं नाही.

डॉक्टरांना दोनच गोष्टी स्पष्ट विचारा. वेदनाशामकाचा डोस वाढवून किंवा बदलून तिला खरंच आराम पडेल का? आणि ती पुन्हा आपल्या तोंडाने गवत खाईल अशी आशा आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आठवडाभर जरूर थांबा. त्या आठवड्यात रोज रात्री वहीत लिहा: आपणहून काय खाल्लं, लेंड्या किती आणि केवढ्या, अंग चाटून स्वच्छ केलं का, हाक मारल्यावर जवळ आली का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले की पुढे ढकलू नका. दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर माझ्या मते वेळ आली आहे. पत्र वाचून मला तसंच वाटतंय.

सासूबाईंची तळमळ खोटी नाही. पण आपोआप जाणं सशाच्या बाबतीत शांत नसतं. खाणं थांबलं की बारा तासांतच आतडी मंदावू लागतात, पोटात गॅस धरतो, कळा येतात. हे त्यांना नीट बसून सांगा. महिनाभर आपण सिरिंजने तिचं मरण लांबवतोच आहोत, तेव्हा हात आपण आधीच घातलेला आहे. आता तो तिचा त्रास थांबवायला घालायचा का, एवढंच ठरवायचंय.

सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर निवडा. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती पूर्ण बेशुद्ध झाल्यावरच शेवटचं, ही पद्धत फोनवरच विचारून घ्या. घरी येणार असतील तर उत्तम, प्रवासाची भीती वाचते. नंतर डोळे उघडे राहतात, कधी अंगाला झटका येतो. तेव्हा तिला काही जाणवत नसतं. तोपर्यंत तिला मांडीवर घेता येईल का, हेही विचारा. आणि मध्यरात्री धावपळ होण्याची वाट पाहू नका. दोन दिवस आधी झालं तर ती काही गमावत नाही, दोन दिवस उशीर झाला तर ते दिवस ती सोसते.

मुलाला ‘चिंगी झोपली’ किंवा ‘गावी पाठवली’ असं सांगू नका. झोपेचीच भीती बसते, किंवा तो वाट पाहत राहतो. ती बरी होणार नाही, तिला फार दुखतंय, डॉक्टर तिला मरायला मदत करणार आहेत, असं सरळ सांगा. निरोप घ्यायचा का, हे त्याला ठरवू द्या. तुम्हाला रडू आलं तर त्याच्यासमोर रडा.

घरात दुसरा ससा असेल तर चिंगीचा देह थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवा. हुंगून, चाटून त्याला कळतं. नाहीतर तो शोधत फिरतो. पुढचे काही दिवस त्याच्या खाण्यावर डोळा ठेवा, आणि त्याने एक वेळही गवताला तोंड लावलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

तुमची ताई