पिशवी काढली, पण अंडाशय?

सोलापूर
जानेवारी, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. होम मैदानावरच्या पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत घरात येतो, त्यामुळे लिहायला बसणं लांबत गेलं. आज पहाटे उठून बसलोय.

तू तीन प्रश्न विचारलेस. तिसरा घरातला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. आजीला लकवा येऊन गेला, तर आता इस्ट्रोजेनच्या, म्हणजे अंडाशयात तयार होणाऱ्या स्त्री-संप्रेरकाच्या, गोळ्या सुरू कराव्यात का? नाही. हे करून बघितलेलं आहे. २००१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल लागला. लकवा येऊन गेलेल्या ६६४ बायका, सरासरी वय ७१. निम्म्यांना इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिलं, निम्म्यांना औषध नसलेली साधी गोळी. पुन्हा लकवा येणं काही कमी झालं नाही, उलट इस्ट्रॅडिऑल घेणाऱ्यांत लकव्याने दगावलेल्या जास्त निघाल्या. तेव्हा आजीचं बीपी बघा, साखर बघा, आणि मिश्री सुटते का ते बघा. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं काही करू नका.

आता पहिला प्रश्न. ‘सर, इस्ट्रोजेन मेंदू वाचवतं की नाही?’ तुझ्या अक्षरावरून दिसतं की तुला हो किंवा नाही हवंय. मलाही तुझ्या वयात तेच हवं असायचं.

पाळी जाईपर्यंत बाईला लकव्याचा धोका त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असतो आणि पुढे तो झपाट्याने वाढतो, हे वॉर्डात राउंड घेणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिथूनच सुरुवात केली. उंदरीण घ्यायची, तिची अंडाशयं काढायची, मानेच्या धमनीतून एक बारीक धागा वर सरकवून मेंदूची मधली धमनी बंद करायची. मग मेंदूचे काप एका रसायनात बुडवायचे. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. १९९७ मध्ये सिम्पकिन्स आणि १९९८ मध्ये डुबल आणि वाइज या संशोधकांनी दाखवलं की इस्ट्रॅडिऑल दिलेल्या उंदरिणीचा पांढरा डाग लहान असतो. डुबल-वाइज यांच्या कामातली मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांनी शरीरात एरवी असतो तेवढाच थोडा डोस दिला, पण धमनी बंद करण्याच्या आठवडाभर आधीपासून. ऐनवेळी दिला तेव्हा काहीच झालं नाही. ही ओळ त्या काळात फार थोड्यांनी गंभीरपणे घेतली. सगळे लहान झालेल्या डागाकडे बघून खूश होते.

मग २००२ उजाडलं. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक संप्रेरक) यांची एकत्र चाचणी चालू होती, ती मध्येच थांबवली. दहा हजार बायकांमागे वर्षाला लकव्याच्या ८ जादा केसेस. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं अशा १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तीही चाचणी २००४ मध्ये थांबवावी लागली. तिथे जादा केसेस १२. आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाला, ‘बघ, उंदरावरचं काम उंदरालाच लागू.’ सगळे हसले. मीही हसलो.

चूक होती ती. उंदरिणी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांचं वय कोणी विचारलं नव्हतं. प्रयोगातल्या उंदरिणी ऐन तारुण्यातल्या, आणि चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटलेली. २००७ मध्ये वाइज यांच्याच प्रयोगशाळेने साधा प्रयोग केला. अंडाशय काढल्याबरोबर इस्ट्रॅडिऑल सुरू केलं तर मेंदू वाचतो. दहा आठवडे थांबून सुरू केलं तर वाचत नाही. २०१० मध्ये टेक्सासच्या फरीदा सोहराबजी यांच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं. प्रजननचक्र थांबलेल्या, वयस्क उंदरिणींना तेच इस्ट्रोजेन दिलं तर डाग मोठा होतो. औषध तेच, धमनी तीच. त्यांचं पुढचं काम आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या द्रव्याकडे वळलं, ते वयाबरोबर कमी होतं आणि ते परत दिलं तर म्हाताऱ्या उंदरिणीचा डाग लहान होतो. हे शोधनिबंध तू स्वतः वाच. माझ्या सांगण्यावर राहू नकोस.

एक कबुली देतो. ऐंशीच्या दशकात मी जे थोडंफार काम केलं त्यात एकही मादी नव्हती. कारण विचारशील तर आळस. उंदरिणीचं चक्र चार-पाच दिवसांचं. ती आज कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायला रोज सकाळी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. गोल, केंद्रक असलेल्या पेशी की केंद्रक नसलेल्या खपल्या, हे रोज, प्रत्येकीचं. ‘माद्यांमुळे आकडे हलतात’ असं म्हणून आम्ही नर मागवायचो. १९९० मध्ये वूली आणि मॅकइवेन यांनी दाखवलं की त्याच चार दिवसांत हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागात चेतापेशींवरचे काटे, म्हणजे पेशी जिथे एकमेकींना जोडतात ती टोकं, सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात आणि पुन्हा भरतात. आम्ही जे आकडे हलतात म्हणून टाकून देत होतो, ते हलणंच खरी बातमी होती! ते वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर दुसरा प्रश्न, संशोधनाला विषय हाच घ्यावा का. घे. पण ‘इस्ट्रोजेनचा मेंदूवर परिणाम’ असा लांबरुंद मथळा करू नकोस. तुझा विषय तुझ्या गावात पडलाय.

आपल्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या किती बायका ‘पिशवी काढलीय’ म्हणून सहज सांगतात, ते तुला माहीत आहे. तेलुगूतही ती पिशवीच, गर्भसंचि. जवळच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने ऊसतोडणीवरच्या ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. त्या कागदांवर मात्र एक गोष्ट बहुधा सापडत नाही: अंडाशयं ठेवली की तीही काढली? केसपेपरवर ‘पाळी: बंद’ एवढंच लिहून मोकळं होतात. नुसती पिशवी गेली तर पाळी थांबते, पण अंडाशयं पुढे काही वर्षं काम करत राहतात. दोन्ही गेली तर एका दुपारीत इस्ट्रोजेन संपतं, आणि अंगातून गरम वाफा लगेच सुरू होतात. मेंदूच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि आपण त्यांना एकाच रकान्यात बसवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉका यांनी २००७ मध्ये दाखवलं आहे की पाळी जाण्याआधी अंडाशयं काढलेल्या बायकांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, आणि काढताना वय जितकं कमी तितका तो जास्त.

तेव्हा पुण्याच्या लॅबला अर्ज करायच्या आधी सहा महिने इथल्या वॉर्डात बस. लकव्याने आलेल्या प्रत्येक बाईला विचार: ऑपरेशन कुठल्या साली, तेव्हा वय किती, अंडाशयाचं काय झालं. तिसऱ्याचं उत्तर तिला येणार नाही, डिस्चार्जचा कागद शोधावा लागेल. अर्धे कागद पत्र्याच्या पेटीत असतात, उरलेले वाळवीने खाल्लेले. तेलुगू आणि कन्नड कामापुरती शीक, दुभाषा म्हणून नवऱ्याला उभा केलास तर बाई काही बोलणार नाही. आणि कोणी लकवा आल्यावर आधी गावच्या औषधाला जाऊन आलेली भेटली तर रागावू नकोस. मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, हा हिशोब आपण त्यांना वेळेवर सांगितलाच कधी?

गाइड कोण निवडायचा ते समोरासमोर बोलू, पत्रात नावं घेणं बरं नाही.

रविवारी ये. येताना आजीची जुनी फाइल आण. तू लिहिलंस की तिचं ‘ते ऑपरेशन’ तुझ्या मामाच्या जन्मानंतर दोन वर्षांनी झालं. म्हणजे तेव्हा ती फार तर तिशीत असेल. कागद नसेल तर तिलाच हळूच विचार, मामा घरात नसताना, की ऑपरेशननंतर अंगातून गरम वाफा कधी सुरू झाल्या. लगेच, की वीस वर्षांनी.

तुझा,
सर