जनुक बंदही करता यायला हवं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा प्रस्ताव दोनदा वाचला. 'जीडीएनएफचं जनुक विषाणूतून तुटलेल्या मज्जातंतूत सोडायचं, म्हणजे तंतू वाढतील' या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. रागावून नव्हे. जीडीएनएफ हे मज्जापेशींना जगवणारं, तंतू वाढवणारं प्रथिन, तेव्हा तंतू वाढतीलच. वाढून कुठे थांबतील, ते तू विचारलेलं नाहीस.

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स इन्स्टिट्यूट फॉर न्यूरोसायन्समध्ये योस्ट व्हरहागेन यांच्या गटाने जवळपास हेच करून पाहिलं होतं. रॅटच्या कमरेतली मज्जातंतूंची मुळं मज्जारज्जूपासून उपटली, पुन्हा रोवली आणि त्यांत लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमधून जीडीएनएफचं जनुक सोडलं. एरवी अशा इजेनंतर कितीतरी मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी, मरतात. इथे ते तगले. तंतूही भरभरून फुटले. पण जिथे जीडीएनएफ दाट, तिथेच वेटोळी करून बसले. पायाकडे जायचं नावच नाही! या क्षेत्रातले लोक याला 'कँडी स्टोअर' म्हणतात. शाळेला निघालेलं पोर गोळ्यांच्या दुकानापाशी घुटमळतं आणि शाळा राहून जाते, तसं. हा शोधनिबंध २००८चा. मला तो कित्येक यशस्वी प्रयोगांहून मोलाचा वाटतो, कारण काय फसलं ते त्यात डोळ्यांना दिसतं. तुझ्या संदर्भसूचीत तो नाही.

मग त्यांनी जनुकाला बटण बसवलं. डॉक्सिसायक्लिन, आपलं नेहमीचं ॲंटिबायोटिक, दिलं की जनुक चालू. थांबवलं की बंद. पण बटण चालवणारं प्रथिन शरीराला परकं असतं. रोगप्रतिकारक पेशी ते ओळखतात आणि ते बनवणारी पेशीच मारायला निघतात. म्हणून त्याला बुरखा चढवला: एपस्टाइन-बार विषाणूच्या एका प्रथिनातली ग्लायसिन-ॲलानिन या अमिनो आम्लांची साखळी. हा विषाणू माणसाच्या अंगात जन्मभर दडून राहतो, त्यात या साखळीचा हात आहे. चोराचीच युक्ती चोरली! (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता.) २०१९मध्ये त्यांनी दाखवलं की जीडीएनएफ महिनाभर देऊन बंद केलं, तर तंतू तिथे अडकून न पडता पायात उतरणाऱ्या सायटिक नर्व्हमधून लांबवर जातात.

हे 'लांबवर' म्हणजे काय ते कळायला एक सकाळ ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, ओपीडीत जाऊन बस. बाइकवरून पडलेली, तुझ्याच वयाची पोरं दिसतील, एक हात लोंबता. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. खांद्यापासून बोटांपर्यंत ७० सेंटिमीटर धरलेस तर जवळजवळ दोन वर्षं झाली. तोवर तंतूला वेढून वाट दाखवणाऱ्या श्वान (Schwann) पेशी थकतात, स्नायू वाळतात. रॅटचा पाय वीतभरही नाही. तिथलं यश माणसाच्या हातात तसंच्या तसं उतरेल असं मी कधी धरून चालत नाही, तूही प्रस्तावात तसं लिहू नकोस.

तेव्हा इंजेक्शनच्या जागी तंतू मोजून खूश होऊ नकोस, खाली पोटरीजवळ मोज. आकडे लहान येतील, येऊ देत. जीडीएनएफ कायम चालू ठेवलेला एक गट हवाच, नाहीतर बंद करण्याचा उपयोग झाला हे कशावरून म्हणणार? आणि स्लाइडवरची लेबलं दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांग. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी उघड्या लेबलांनी मोजलं होतं. सरांनी झाकून पुन्हा मोजायला लावलं, तेव्हा दोन गटांतला बराचसा फरक माझ्या हौसेचा निघाला. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

जनुक वाहून न्यायला एएव्ही हाच विषाणू का निवडलास, त्याचंही कारण लिही. 'सगळे वापरतात' हे कारण नव्हे. त्याच्यात डीएनएची जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. जनुक, बटण, बुरखा, सगळं बसतंय का, ते आधी कागदावर मांडून बघ.

ओपीडीत जाऊन आलास की मगच दुसरा खर्डा पाठव. घाई नाही, माझ्याकडची पेन्सिल अजून बरीच शिल्लक आहे.

कळावे,
तुझा सर