गोव्यात मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला, मग दाबोळीच्या जुन्या विमानतळावरून नौदलाला दुसरीकडे का हलवत नाहीत?

विमानतळ प्रवाशांचा आणि नौदल तिथे नंतर येऊन बसलं, असं तुम्ही धरून चाललाय. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले आणि गोवा मुक्त झाल्यावर ती नौदलाकडे आली. १९६४ पासून आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ इथेच आहे. धावपट्टी नि एटीसी, म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणारं नियंत्रण, नौदलाचं. विमानतळ प्राधिकरणाकडे टर्मिनल आणि त्याच्यासमोर विमानं उभी करायची जागा.

लोक का वैतागतात, ते वास्कोत राहून मला चांगलं ठाऊक आहे. धावपट्टी एकच. कित्येक वर्षं सोमवार ते शुक्रवार, सकाळी साधारण साडेआठ ते साडेबारा ती नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेली असायची. जानेवारी २०१८ मध्ये नौदलाचं एक मिग-२९के लढाऊ विमान उड्डाण करताना धावपट्टीवरून घसरून पेटलं. वैमानिक वाचला, पण तेवढा वेळ प्रवासी विमानंही अडकली. टॅक्सीवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसते.

पण त्या सकाळच्या तासांत काय चालतं तेही बघा. विक्रमादित्य आणि विक्रांत या विमानवाहू जहाजांवरच्या मिग विमानांचं घर म्हणजे हंसा. जहाज बंदरात शिरण्याआधी विमानं किनाऱ्यावर येतात, कारण उड्डाणाला समोरून जोराचा वारा लागतो आणि त्यासाठी जहाज वेगात असावं लागतं. शिवाय जहाजाच्या डेकसारखी एक सोय तळावर जमिनीवरच उभारली आहे. एका टोकाला वर चढत गेलेला उतार, उतरायच्या बाजूला आडव्या पोलादी तारा. विमान शेपटीखालचा आकडा सोडून येतं, आकडा तारेत अडकतो आणि एवढं वेगातलं विमान पाहता पाहता जागच्या जागी थांबतं. नौदलासाठीच्या तेजसने अशी तार पहिल्यांदा पकडली ती इथेच, सप्टेंबर २०१९ मध्ये. चार महिन्यांनी ते विक्रमादित्यवर उतरलं. नवख्या वैमानिकाची पहिली चूक भर समुद्रात व्हावी की इथे?

हे सगळं उचलून कारवारला न्या म्हणणारे पुष्कळ आहेत. कारवारचा तळ मोठा खरा, पण तो जहाजांचा. तिकडे अंकोल्याजवळ हवाई तळाची योजना आहे, आणि तिच्यातही नागरी टर्मिनल धरलेलंच आहे. म्हणजे एकाच धावपट्टीवर दोघांनी नांदायचं तिथेही चुकत नाही.

मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, पण तो पार उत्तरेला, पेडण्यात. मडगाव, केपें, काणकोणच्या माणसाला आजही दाबोळीच सोयीचा. म्हणून मला नौदलही हवं आणि इथली प्रवासी विमानंही हवीत. मागायचंच असेल तर वेळापत्रक मागा: आठवड्याच्या दिवसांत सकाळ नौदलाची, दुपारपासून रात्रीपर्यंत दाबोळी प्रवाशांना मोकळा, आणि सकाळी ज्यांना यायचंच आहे त्यांच्यासाठी मोपाहून मडगावपर्यंत भरपूर, वेळेवर सुटणाऱ्या बसगाड्या.